उस्तादांनी मशीन बंद केलं तेव्हा

आधी उस्तादांचं सांगतो, मग माझं. ज्यानं हात दिला त्याचं आधी, ही आमच्या घरची रीत. जेवायला बसलं की आई पहिल्यांदा विचारायची, "आज पाणी कोणी हाडलां?" आणि विहिरीवरून ज्यानं कळशी आणली असेल त्याच्या पानात आधी भात पडायचा. मग तो घरातला सगळ्यात धाकटा का असेना.

तर आधी उस्ताद.

सोलापुरात सरकारच्या पाणीखात्याचं बोअर पाडायचं मशीन होतं, त्यावर ते मुख्य. कागदावर त्यांचा हुद्दा काय होता देव जाणे, पण साहेबापासून टँकरवाल्यापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. डोक्याला रुमाल, गालात पान आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. माणूस बोलायचा कमी. मी मशीनवर आलो त्या आठवड्यातच रॉड उतरवताना माझं बोट चेंगरलं. मी घाबरून हात मागं लपवला, कारण रोजंदारीचा माणूस जायबंदी झाला की दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. उस्तादांनी हात ओढून पाहिला, फडकं बांधलं आणि म्हणाले, "कायकू डरता रे कोकणी? बोटच गया ना, पेट तो नहीं गया." मग बोट बरं होईपर्यंत माझ्या वाट्याचे रॉड त्यांनी स्वतः उचलले. राहायला जागा नव्हती तर आपल्या घराची बाहेरची खोली दिली. भाभींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, कधी विचारलं नाही की हा जेवायला आहे का. ताट मांडलेलंच असायचं.

आता माझं. मी सावंतवाडीकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं, मुलगी झाली, आणि भाऊबंदातल्या एकानं ओळखीनं इतक्या लांब सोलापूरला चिकटवून दिलं. आमच्याकडे अंगणात केळ लावायला खड्डा खणला तरी पाणी लागतं. तिथला मी, पोटासाठी आलो तो खडकात पाणी शोधायला. गाडीत बसल्यापासून जी धाकधूक सुरू झाली ती कधी गेलीच नाही. मनीऑर्डर पोचली का, मुलगी बरी आहे का, साहेब आज काय म्हणेल, उद्या कामावर ठेवतील का. साहेबाच्या जीपचा आवाज आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. भित्रा म्हणा हवं तर. मशीनवरचे सगळे म्हणायचेच. पण जे घडलं ते या भित्र्याच्या हातून घडलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

एक गोष्ट आधी समजावून सांगायला हवी. बोअरचं मशीन चालू असलं की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. खाली खडक फुटत असतो, वर कॉम्प्रेसर गर्जत असतो. म्हणून मशीनवरचे लोक तोंडानं बोलतच नाहीत, हातानं बोलतात. मूठ वर केली की थांब. दोन बोटं आडवी केली की रॉड आण. बोटं थरथरवत वर नेली की पाणी लागलं. आणि पालथा हात ओठांवरून पुसून झटकला की कोरडं. या झाल्या कामाच्या खुणा. बाकीच्या आम्हीच केलेल्या. पोटावरून गोल हात फिरवला की साहेब आला. वर्षभर अशी सवय लागली की घरी गेलो तेव्हा बायकोनं विचारलं, "कसा आसा थंय?" तर मी ओठ पुसून हात झटकला. ती म्हणाली, "मुको झालास की काय?"

उस्तादांच्या गल्लीत तर घरोघर माग. तेलुगू बोलणारी विणकर माणसं, सकाळपासून मागांची खटखट. तिथंही लोक खिडकीतून एकमेकांशी हातानंच बोलत. त्यामुळे मला सोलापूर कधी परकं वाटलं नाही. तिथली भाषा मला हातानं आधी कळली, कानानं नंतर.

ते दुष्काळाचं वर्ष होतं, बहात्तरनंतरचं. आम्ही वैरागच्या बाजूला एका गावात बोअर घेत होतो. गावातल्या विहिरींत वाळू दिसत होती. बायका शेजारच्या गावच्या ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत. आमचं मशीन गावात आलं तेव्हा त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग रोज सकाळी घागरी घेऊन दोरीच्या पलीकडे बसायच्या. आवाजात करायचं काय? आमचे हात बघत बसायच्या. पोरांनी तर सगळ्या खुणा उचलल्या. लांबून जीपचा धुरळा दिसला की आमच्याआधी तीच पोटावरून हात फिरवायची.

आणि बोअर कोरडं निघालं. जेवढं खाली जाता येत होतं तेवढं गेलो. नुसता काळा भुगा. उस्तादांनी माझ्याकडे बघून ओठ पुसले आणि हात झटकला. दोरीच्या पलीकडच्या बायकांनी ते बघितलं. एक म्हातारी पदर सावरत उठली, घागर कडेवर घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागून सगळ्या.

तिथं गोष्ट संपायला हवी होती. मशीन दुसऱ्या गावाला जायचं. पण आमच्या साहेबांनी वर कळवून टाकलं होतं की या गावात पाणी लागलं. का कळवलं, कुणाच्या धाकानं कळवलं, मला ठाऊक नाही. आणि आता विधिमंडळाची समिती येणार होती, दुष्काळाची कामं बघायला. पाणी लागलेली गावं त्यांना दाखवायची होती, आणि यादीत हे गाव होतं.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलायच्या वेळी, टँकर आला.

बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. टँकरच्या वासावर त्या आल्या. घागरी, कळश्या, डबे, एकीच्या हातात तर देवपूजेचा तांब्या. रांग लावली. साहेब जीपमधून उतरले आणि मला म्हणाले, "नळी बोअरमध्ये सोड."

मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. मशीन तर बंद होतं.

"बघतोस काय? सोड नळी. सगळं बोअरमध्ये जाऊ दे."

खडक घट्ट असला की ओतलेलं पाणी बाटलीत राहावं तसं बोअरमध्ये राहतं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसरची हवा सोडली की ते कारंजासारखं वर उडणार होतं. थोडा वेळच उडतं, पण हार घालायला आणि फोटो काढायला तेवढा वेळ पुष्कळ.

मी नळी सोडली. माझ्या हातानं. रांगेतली ती म्हातारी पुढं आली. "आरं बाबा, भुईला कशापायी पाजतोस? ती का उद्या भाकरी थापनार हाय? आमाला दे की येक घागर."

साहेब म्हणाले, "आजी, उद्या. उद्या मोठे लोक येणार आहेत. उद्या गावाला चांगले दिवस येतील."

"उद्या येतील तवा येतील. तहान आज लागलीया न्हवं?"

साहेबांनी तोंड फिरवलं. पाणी गडगडत आत चाललं होतं. बायका रांगेतून हलल्या नाहीत. टँकर रिकामा होईपर्यंत उभ्या राहून त्या पाण्याचा आवाज ऐकत होत्या. शेवटी नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली मी माझं प्यायचं भांडं धरलं आणि म्हातारीकडे केलं. तिनं ते घेतलं नाही. "तुमच्या सायेबाला पाज," म्हणाली.

सकाळी साहेबांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "आमदारांशी कोणी बोलायचं नाही. तुम्ही सरकारचे नोकर आहात. विचारलंच तर 'साहेबांना विचारा' एवढं म्हणायचं. आणि उस्ताद, पाणी संपत आलं की हवा तोडा, पण ते गावात असेपर्यंत मशीन बंद होता कामा नये." मग जरा हसून म्हणाले, "म्हणजे विचारायचा प्रश्नच येत नाही."

उस्तादांनी पान दुसऱ्या गालात घेतलं.

गाड्या आल्या. पोरांनी पोटावरून इतके हात फिरवले की त्यांचीच पोटं दुखली असतील. पांढऱ्या कपड्यांतले आमदार उतरले, त्यांचे अध्यक्ष पुढं, आणि त्यांच्यात एक बाई होत्या, पोक्त, चष्मा लावलेल्या, डोक्यावर पदर. उस्तादांनी हवा सोडली आणि पाणी उडालं. काय उडालं म्हणता! आमदारांनी टाळ्या वाजवल्या असतील, आम्हाला फक्त हात दिसले. कुणी हार घातला. फोटोवाला पळापळ करत होता. दोरीमागे गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या आणि पोलीसपाटील त्यांना हसा म्हणून सांगत होते.

आमदार बाई हळूच बाजूला झाल्या आणि माझ्यापाशी आल्या. मी मशीनच्या मागच्या अंगाला होतो. त्यांनी त्या घागरींकडे बोट केलं, उडणाऱ्या पाण्याकडे बोट केलं, आणि काहीतरी विचारलं. ऐकू कुठलं यायला! ओठ तेवढे दिसले. पाणी, घागरी, रिकाम्या, का?

आता मी काही ठरवलं नव्हतं. ठरवणारा माणूस मी नव्हतोच. पण मशीनवर कुणी तोंड हलवलं की उत्तर हातानं द्यायचं, ही सवय अंगात मुरलेली. माझा पालथा हात वर आला, ओठांवरून फिरला आणि झटकला.

कोरडं.

मग कळलं मी काय केलं ते.

बाईंना खूण कळली नाही. त्यांनी भुवया वर केल्या. पण दोरीच्या मागे ती म्हातारी उठून उभी राहिली. तिनं पालथ्या हातानं ओठ पुसले आणि हात झटकला. तिच्या शेजारणीनं तेच केलं. मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता ती सगळी रांग उभी राहिली, कडेवर घागर आणि दुसरा हात ओठांवर. लहान पोरीसुद्धा. त्या गर्जनेत एक शब्द नाही, आणि अख्खं गाव बोलत होतं.

आमदार बाई वळल्या. त्यांनी उस्तादांकडे बघून हात खाली दाबला, बंद करा. साहेबांनी त्यांच्या मागून बोट नाचवलं, खबरदार. उस्तादांनी दोघांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तिथं उभा होतो, झटकलेला हात अजून हवेतच.

उस्तादांनी मशीन बंद केलं.

बोअरच्या मशीनवर ज्यानं काम केलं नाही त्याला ती शांतता सांगून कळायची नाही. आधी कान नुसते वाजतात. मग एकेक आवाज परत येतो. बांगड्यांचा, शेळीचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. उस्तादांनी कानातले बोळे काढले, पान थुंकलं आणि मला म्हणाले, "बोल अब."

"बाई, तो रोजंदारीवरचा माणूस आहे," साहेब घाईनं म्हणाले, "त्याला यातलं काही—"

"मी त्याला विचारलंय," बाई म्हणाल्या. "काय सांगत होतास तू? आता सांग."

आणि माझ्या तोंडून घरची बोली आली. "पाणी आमीच ओतलां, बाई. काल सांजचा. बोरात कायएक नाय."

आमदारांतलं कुणी हसलं. बाई म्हणाल्या, "सावकाश. मला समजेल असं सांग."

मग सावकाश सांगितलं. टँकरचं, नळीचं, कोरड्या भुग्याचं. आवाज कापत होता पण थांबला नाही. सांगून झालं तेव्हा दोरीमागून म्हातारी ओरडली, "खरं हाय की! आमच्या म्होरं वतलं! येक घागर दिली न्हाय!" आणि मग जो कल्ला झाला त्यापेक्षा मशीन बरं.

समितीच्या अध्यक्षांनी मशीन पुन्हा सुरू करायला लावलं. थोडं पाणी उडालं, मग चिखल, मग नुसता फुफाटा. तो सगळा त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसला. गाड्या गेल्या.

सोलापूरला परत आलो त्या दिवशीच उस्तादांना आणि मला कामावरून थांबवलं. माझ्यावर आरोप, परवानगी नसताना आमदारांशी बोलून खात्याची बदनामी केली. उस्तादांवर आरोप, हुकूम मोडून सरकारी यंत्र बंद पाडलं. मग साहेबांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. डोक्यावर पंखा. टेबलावर माठातल्या पाण्याचा पेला, बाहेरून घाम फुटलेला.

"घे, पाणी घे," म्हणाले.

मी घेतलं नाही.

"हे बघ, तू साधा माणूस आहेस. तुझ्या डोक्यातून हे येणार नाही. उस्तादनं शिकवलं ना तुला? एवढंच लिहून दे. शिकवलं तसं बोललो, असं. मग ते तुझं बोलणंच राहत नाही, आणि तुझ्यावरचं सगळं मिटतं. कायम करण्याचंही बघू."

"आणि उस्ताद?"

"त्याची काळजी तुला कशाला? आमदार आज आहेत, उद्या मुंबईला जातील. आम्ही इथंच आहोत." पेला माझ्याकडे सरकवला. "उद्या सकाळपर्यंत विचार कर. घरी बायको आहे, मुलगी आहे."

तेवढंच नको होतं बोलायला. बाहेर आलो. कायम होणं म्हणजे काय, ते कायम असलेल्याला कळत नाही. उद्याची भीती जाणं. मुलीला इथं आणता येणं. आणि उस्तादांच्या पेन्शनला थोडीच वर्षं राहिलेली. माझ्या एका सहीनं त्यांची उभ्या जन्माची नोकरी मातीत जाणार होती.

घरी जाऊन सगळं सांगितलं. बाहेर मागांची खटखट चालूच. उस्ताद बाजेवर बसले होते. ऐकून म्हणाले, "कर दे सही. तेरे को बच्ची है. मेरा क्या, बूढ़ा हो गया."

आतून भाभी बाहेर आल्या, हाताला पीठ लागलेलं. "पेन्शन तुमारी," उस्तादांना म्हणाल्या, "जबान उसकी. उसकी जबान तुमे कौन देनेवाले?" आणि मग माझ्याकडे वळून, सोलापुरी मराठीत, जी त्या फक्त माझ्याशी बोलत, "हे बघ भाऊ, तुला भ्या वाटतंय, मला दिसतंय. भ्या वाटू दे की. भ्या वाटल्यानं खोटं बोलावं लागतंय असं कुटं लिवलंय?"

मला आयुष्यात बरेच जण म्हणाले होते, भिऊ नकोस. त्यानं भीती कधी गेली नाही. भीत भीत कर म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं. तिथंच ठरलं. सही करायची नाही. एवढ्यावर थांबायचंही नाही. आमदारांशी बोललो हा गुन्हा ना? मग परत बोलायचं.

समिती अक्कलकोटकडची गावं बघून सोलापूरला परतली होती आणि विश्रामगृहावर तिची बैठक चालू होती, हे टँकरवाल्याकडून कळलं. सकाळी साहेब ज्या वेळी कचेरीत माझी वाट बघत असायला हवे होते, त्या वेळी मी तिकडे गेलो. पण फाटकात जीपची रांग, आणि तिच्यात आमच्या साहेबांची जीप. समितीनं त्यांनाही बोलावलं होतं. पोटात गोळा आला. येऊ दिला.

दारावरच्या शिपायानं हटकलं, "कुटं निगालास? पास हाय का?"

"आमदार बाईंना भेटायचंय."

"त्यांना समद्यांनाच भेटायचंय. जा, तुज्या सायेबाकडून ये."

"साहेबाकडूनच आलोय," मी म्हणालो. खोटं नव्हतं तसं ते.

तो काही सोडेना. वळसा घालून बागेच्या अंगाला गेलो. खिडकी उघडी होती. आत लांब टेबल, त्याभोवती पांढरे कपडे, वर दोन पंख्यांची घरघर. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, खाली मान घालून काही वाचत. हाक मारली असती तर माळ्यानं हाकललं असतं. मी उभा राहिलो, त्यांनी मान वर करेपर्यंत. केली. मी पालथा हात ओठांवरून पुसला आणि झटकला.

बाई आधी दचकल्या, मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली. त्यांनी शिपायाला पाठवलं. तोच शिपाई. मला आत सोडताना म्हणाला, "आदी सांगायचं की, वळक हाय म्हून."

आत गेलो. साहेब भिंतीपाशी खुर्चीत होते. माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या एखाद्या दिवशी मी तिथंच मटकन खाली बसलो असतो. अध्यक्षांनी विचारलं, काय काम आहे. मी काल खोलीत झालेलं सगळं सांगितलं. पाण्याच्या पेल्यासकट.

अध्यक्ष साहेबांकडे वळले. साहेब उभे राहून म्हणाले, "तसं नाही. याला कुणीतरी शिकवलेलं आहे, एवढंच आमचं म्हणणं."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी सहावीत शाळा सोडली, त्यानंतर मला कुणीही काही शिकवलेलं नाही."

टेबलाभोवती हशा उठला. अध्यक्ष हसले नाहीत. हशा थांबेपर्यंत थांबले आणि मग एकेक शब्द मोजून साहेबांना म्हणाले, "आम्ही गावात जातो ते लोकांना विचारायला. आमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला सरकारी नोकराला तुमची परवानगी लागत नाही. तो आमच्यापुढं बोलला, आता त्याच्या बोलण्याला सभागृहाचं कुंपण आहे. त्याबद्दल त्याला हात लावाल तर तो हक्कभंग. मग तुम्हाला मुंबईला येऊन बोलावं लागेल, आणि आम्ही ऐकू."

साहेबांचा चेहरा बोअरच्या भुग्यासारखा झाला. बाईंनी मला विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "त्या गावाला टँकर पाठवा. घागरीत ओतायला."

टँकर सुरू झाला. पुढं त्या गावाच्या दुसऱ्या अंगाला आम्हीच बोअर घेतलं आणि त्याला खरंच पाणी लागलं, थोडं, पण लागलं. मला परत कामावर घेतलं, आणि काही काळानं कायमही केलं. उस्तादांवरचा आरोपही मागं घेतला. तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकलो. भाभींनी त्या दिवशी गोड केलं.

समितीचा गाजावाजा निवला, आमदार मुंबईला गेले, साहेब म्हणाले होते तसंच. आणि मग एक दिवस उस्तादांची बदली झाली. पार विदर्भात, चांद्याच्या जंगलाकडे. कारण काय, तर प्रशासकीय.

मी म्हणालो, आपण बाईंना कळवू, कुंपण आहे आपल्याला. उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कुंपण तेरे को है, मेरे को नहीं. तू बोला. मैं किधर बोला?"

खरंच होतं ते. मला 'बोल अब' म्हणाले तेवढंच, समितीला उद्देशून त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता. कायदा बोलणाऱ्याला राखतो. ज्यानं बोलण्यापुरती शांतता करून दिली, त्याचं काय? त्याच्यासाठी कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. माझ्या शब्दांना कुणी हात लावला नाही, आणि ते शब्द ज्या शांततेत उमटले ती करणारा माणूस म्हातारपणी घरापासून इतक्या लांब एकटा भाकरी भाजतोय. लांब राहणं काय असतं ते मला विचारा.

काही लोक अजून मला सांगतात, तू त्या दिवशी गप्प बसला असतास तर उस्ताद आज सोलापुरात असते. मी त्यांना म्हणतो, नसते. म्हणजे असते, पण ते उस्ताद नसते. आणि त्या गावच्या बायका अजून वाळूतून वाटीवाटीनं पाणी भरत असत्या. मी बोललो त्याचा मला पश्चात्ताप नाही. परत विचारलं तर परत सांगेन, आणि तसंच कापत कापत सांगेन.

आता सोलापूरच्या त्या मशीनवर मी मुख्य आहे. नवे लोक मलाही उस्ताद म्हणू बघतात. मी म्हणू देत नाही, ती जागा भरलेली आहे. मुलगी इथल्या शाळेत जाते, सहावी पार करून पुढं गेली. भाभींच्या दारात रोज सकाळी नळाचं पाणी मी भरून ठेवतो, पण त्याला परतफेड म्हणत नाहीत.

उस्ताद, ऐकतो आहे की समिती पुन्हा सोलापूरला येणार आहे. येऊ दे. ती माझ्या मशीनवर आली की मी आधी मशीन बंद करीन. मग कुणी विचारो न विचारो, बोलेन, तुमच्या बदलीचं. कुणाची परवानगी मागणार नाही, आणि माझी भीती जायची वाटही बघणार नाही. या समितीनं नाही ऐकलं तर पुढच्या समितीला सांगेन. तुम्हाला तुमच्या गल्लीत, त्या मागांच्या खटखटीत, तुमच्या बाजेवर आणून बसवणं हे माझ्यावरचं देणं आहे. ज्यानं पाणी आणलं त्याचं पान आधी वाढायचं असतं.